'रेसिपी' या फोल्डरात रेसिपी नाही

ढाणकी
२ फेब्रुवारी २०२६

जया,

सप्रेम जयभीम.

वीस महिन्यांनी नणंदेचं पत्र आलं म्हणजे एक तर घरात कोणी गेलं असेल, नाहीतर तिला काही पाहिजे असेल. घरातले सगळे जागेवर आहेत. उरलं ते तू ओळखलंच असशील.

तुझा पत्ता कोर्टाच्या कागदावरून घेतला. मुद्दाम दवाखान्याच्या नावानं पाठवते आहे. चार पेशंटांसमोर पाकीट हातात पडलं की माणूस ते लगेच चुलीत घालत नाही. दवाखान्यात चूल नसते, हेही माझ्या लक्षात आहे.

कामाचं बोलते. आपल्या वाचनालयाची तपासणी बारा तारखेला आहे. अध्यक्ष घनश्यामजी तुला आठवतच असतील. सोयाबीनचा ओलावा चिमटीत सांगतात, पुस्तक हातात दिलं तर त्याचंही वजन पाहतात. ते यवतमाळला कसलंसं शिबिर करून आले आणि तेव्हापासून एकच चालू आहे. "दीपाबाई, एआय लावा. तपासणीवाल्यांना दाखवाले काहीतरी पाह्यजे ना!" मी म्हटलं, छताला लावू का, गळून राह्यलं. तर म्हणे, "तुमचं आपलं काहीतरीच."

शेवटी ठरलं ते असं. आपल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर दहा वर्षांत लोकांनी इंटरनेटच्या पानांवर खुणेच्या ज्या चांदण्या लावून ठेवल्या, त्या एआयकडून नीट लावून घ्यायच्या. पत्त्याच्या पट्टीशेजारची चांदणी दाबली की पान सापडायला सोपं जातं, हे गावाला मीच शिकवलं. त्यानं पान आपल्या घरी येत नाही, नुसती त्याच्या घराची खूण राहते, हे शिकवायचं राहून गेलं. धावजीचं अजून म्हणणं आहे की त्याचा सातबारा आपल्या कॉम्प्युटरात आहे. "मॅडम, मी सोता चांदणी लावली. तुमच्या डोयासमोर." ती चांदणी दाबली की 'आपली वेळ संपली आहे, पुन्हा प्रयत्न करा' असं पान उघडतं. धावजीनं ते चार वर्षं जपून ठेवलं आहे.

सगळ्या मोजल्या. दोन हजार एकशे चाळीस चांदण्या, शहात्तर फोल्डर. पुरुषांच्या फोल्डरवर नुसतं नाव. बायकांच्या नावापुढे काम: बिजलीबाई लोणची, हंसाबाई मेहंदी, निकिता स्वेटर. ढाणकीच्या उन्हात स्वेटर कोण विणतं, हे मी कधी विचारलं नाही. त्यातच 'जया रेसिपी'. एक्केचाळीस चांदण्या.

ज्याची वस्तू त्याला विचारून लावावी, म्हणून विचारते: तुझ्या फोल्डरचं काय करू? मी उघडून पाहिलेलं नाही.

पंचवीस तारखेला वणीच्या कोर्टात तुझ्या आणि रवीच्या केसमध्ये माझी उलटतपासणी आहे. मी भावाची साक्षीदार, तेव्हा तिथे आपल्याला बोलता यायचं नाही. म्हणून आधीच लिहिते. दोन ओळी पाठव.

दीपाताई

ता. क. माझी शुगर दोनशे दहा. तक्रार म्हणून नाही, आकडा गोल आहे म्हणून कळवला.


ढाणकी
९ फेब्रुवारी २०२६

जया,

उत्तर नाही. ठीक आहे. वाचनालयातल्या स्मरणपत्रांनाही लोक उत्तर देत नाहीत, तरी मी पाठवतेच.

शुक्रवारी एआयसमोर बसले. फार अदबीचं प्रकरण आहे. काही विचारलं की 'छान प्रश्न' म्हणून सुरुवात. एकवीस वर्षं या खुर्चीत बसते, मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी चांदण्यांची सगळी यादी त्याला दिली. त्यानं पाच मिनिटांत चौदा गठ्ठे केले: शेती, आरोग्य, कायदा, शिक्षण वगैरे. दिसायला देखणे. मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे धावजी 'शेती'त शोधत नाही, धावजी 'धावजी'त शोधतो. ज्याचं त्याच्या नावावर ठेव. त्यानं ऐकलं. मग विचारलं, 'बऱ्याच फोल्डरांची नावं आतल्या मजकुराशी जुळत नाहीत. मजकुराप्रमाणे नवी नावं देऊ का?'

मी लिहिलं, हो.

त्याच्याखाली त्यानं आणखी बरंच काही लिहिलं होतं. मी वाचलं नाही. पुस्तक अर्धवट वाचून परत आणणाऱ्याला दारात अडवून शेवट विचारणारी बाई मी. मी वाचलं नाही.

शनिवारी दुपारी ती नवी यादी कॉम्प्युटरात घातली. घनश्यामजींनी तपासणीसाठी घरचा टीव्ही आणून कॉम्प्युटरला जोडला होता, दारातून येणाऱ्याला आधी तोच दिसावा असा. पेपर वाचायला सहा जण बसले होते. बिजलीबाई आपल्या नातीचं पुस्तक बदलायला आली होती. आणि त्या हातभर टीव्हीवर ओळीनं नावं उमटली.

बिजलीबाई – नवऱ्याची दारू सोडवणे (त्याला न सांगता).
निकिता – स्त्रीधन परत मिळवणे.

हंसाबाईचं मी पत्रातसुद्धा लिहिणार नाही.

जया – कानाची दुखापत, घरगुती हिंसा, नोकरी.

बिजलीबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अवं दीपाबाई, माहं लोणचं काहून उघडं ठेवलं?"

मी उठून भिंतीतून वायरच ओढली. पेपरवाल्यांपैकी एकानं मान वर केली. "लाइट गेली का?"

"हो, गेली," मी म्हटलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. सगळे पेपर पुन्हा तोंडापुढे गेले. ढाणकीतले पुरुष पेपरच्या आड फार समजूतदार होतात.

पण दारात रवी उभा होता. घराची किल्ली द्यायला आला होता. त्यानं वाचलं होतं. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

संध्याकाळी घरी त्यानं स्वतः चहा करून माझ्यासमोर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. साखर घालून.

"ताई, ते काय होतं?"

"काय?"

"माहं डोकं नको खाऊ. जयाचं नाव होतं."

"रेसिपी आहेत तिच्या."

"त्या रेसिप्या डिलीट करून टाक. उद्याच्या उद्या. पंचवीसला तारीख आहे, समजून राह्यलं ना तुले?"

"तपासणी होऊ दे," मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. आई आतून म्हणाली, "चहा घे ना वं, भावानं केला." मी घेतला.

रविवारी वाचनालय उघडून, टीव्ही न लावता, एआयचं ते उत्तर शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'काही पानं खासगी वाटतात. संगणक अनेक जण वापरत असतील तर ही नावं बदलू नयेत. कदाचित ती मुद्दाम अशी ठेवलेली असावीत.'

मुद्दाम. दहा वर्षं त्या बायका माझ्या शेजारी बसून लोणची आणि स्वेटर लिहीत होत्या. कुठल्या नावाचं फोल्डर पुरुष चुकूनसुद्धा उघडत नाही, हे गावातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

तुझ्या चांदण्या अजून आहेत. एकही पुसलेली नाही.

दीपाताई


ढाणकी
१४ फेब्रुवारी २०२६

जया,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझं फोल्डर मी मोजणी केली त्याच दिवशी उघडलं होतं. 'रेसिपी' म्हणून उघडलं असं सांगता आलं असतं, पण मी स्वयंपाकघरात किती जाते ते तुला माहीत आहे.

आधी तपासणीचं सांगून टाकते, म्हणजे हात जरा गरम होतो. तपासणी पार पडली. आलेल्या साहेबांनी एआयकडे पाहिलंही नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ झाकलेला आहे का, एवढं विचारलं. झाकलेला होता. घनश्यामजी टीव्ही उचलून घरी घेऊन गेले.

त्याआधीच्या तीन दिवसांत मी एकेकीला बोलावून घेतलं. 'पुस्तक परत करायचं थकलं आहे' असा निरोप धाडला की घरचे हसतात आणि बाईला पाठवतात. प्रत्येकीला शेजारी बसवलं, आधी माफी मागितली, मग विचारलं: हे काय म्हणून ठेवलं होतं, आणि आता काय पाहिजे? माफी मागायची मला सवय नाही. हंसाबाई म्हणाली, "दीपाबाई, तब्येत बरी नाही का?"

बिजलीबाईनं मात्र धडाच दिला. "नाव लोणचंच राहू दे. आन् वरती चार खरे लोणचे टाक. लिंबाचं, आंब्याचं. कोणी उघडलंच त् लोणचं दिसलं पाह्यजे. मंग खाली माहं." मी एआयला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं लिंबाचं, आंब्याचं, करवंदाचं काढून दिलं. बंद पडलेली पानं शोधली, त्यांच्या जागी चालू असलेली दिली, दारूमुक्तीचा फोन नंबर बदललेला होता तोही दाखवला. या खेपेला मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. धावजीचा सातबारा काढून त्याचा कागद त्याच्या हातात ठेवला. त्यानं उलटा-सुलटा पाहिला. "बरोबर आहे," म्हणे, "मी म्हणतच होतो तुमच्यापाशी आहे."

शहात्तरपैकी पंच्याहत्तर झाली.

आता तुझं. चांदणीच्या पोटात तारीख असते, हे मला माहीत नव्हतं. एआयनं तुझ्या एक्केचाळीस तारखा ओळीनं लावून दिल्या. पहिली, २६ ऑक्टोबर २०२३: 'कानाचा पडदा फाटल्यास काय करावे.' त्याच दिवशीची दुसरी: 'कानातून पाणी येणे.' मग महिनाभर कानच. मग कायदा, मराठीत. मग 'पस्तिशीनंतर नर्सिंगचा कोर्स'. मग वणीच्या गाड्यांचं वेळापत्रक, ते सात वेळा. एवढं सगळं तू माझ्या हाताच्या अंतरावर बसून वाचत होतीस आणि मी पलीकडे वर्गणीच्या पावत्या फाडत होते.

सव्वीस ऑक्टोबर म्हणजे आपण दीक्षाभूमीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. 'आपण' चुकून लिहिलं. तू आली नव्हतीस. सर्दी झाली म्हणून आई म्हणाली, आणि मी वस्तीत सगळ्यांना सर्दीच सांगत फिरले. गाडीत रवी माझ्या शेजारी बसला होता, उजव्या हाताला रुमाल बांधून. "बांगडीची काच लागली," म्हणाला. तो काही बांगड्या भरत नाही. कोणाची बांगडी, हे मी विचारलं नाही. नागपूरला स्टॉलवर स्त्रियांच्या हक्कांवरचं एक जाडजूड पुस्तक सवलतीत मिळालं, ते तुझ्यासाठी आणलं. तुला ते देताना मी काय म्हणाले, आठवतं? "घे, तुला काय गरज आहे म्हणा याची." आणि हसले.

आता प्रतिज्ञापत्र. ते तू वाचलंच असशील. त्यात माझ्या सहीवर लिहिलं आहे की जया रोज वाचनालयात येत असे, आनंदात असे, रेसिपी पाहत असे. आणि सहावं कलम: 'तिला लग्नाच्या आधीपासूनच कानानं कमी ऐकू येत होतं.'

तू निघून जायचं ठरवलंस तेव्हा घरी भरलेल्या बैठकीत मी म्हटलं होतं, "रेसिप्या पाहून पाहून हिला एवढी अक्कल कुठून आली?" सगळे हसले होते. मी बोलले की लोक हसतात, एवढीच माझी कमाई. त्या दिवशी तुझी पाठ माझ्याकडे होती. तू ऐकलंस की नाही, ते मला कळलं नाही.

एक्केचाळीसमध्ये एकच चांदणी फोल्डरच्या नावाला जागणारी आहे. शेवटची, तू गेलीस त्याच्या आठवडाभर आधीची: 'साखर न घालता पुरणपोळी, मधुमेहींसाठी.' आपल्या घरात मधुमेह एकीलाच आहे.

दीपाताई


ढाणकी
२० फेब्रुवारी २०२६

जया,

तुझी एक ओळ पोचली. 'ताई, ते माझं आहे, मला न विचारता कोर्टात नेऊ नका.'

नेणार नाही. सोबतच्या डबीत पेनड्राइव्ह आहे. एक्केचाळीस चांदण्या, तारखांसकट. त्यातल्या बंद पडलेल्या नऊ पानांच्या जागी चालू पानं घातली आहेत, कायद्याचा भाग आता पूर्ण वाचता येतो. दुसरी प्रत माझ्याकडे नाही. वाचनालयाच्या कॉम्प्युटरात 'जया रेसिपी' आहे, त्यात आता फक्त पुरणपोळी. पेनड्राइव्ह वकिलाला द्यायचा की पेशंटच्या बादलीत टाकायचा, ते तू ठरव. मला कळवू नकोस.

रवीला वाटतं मी पुसलं. मी त्याला म्हटलं, "आपल्या कॉम्प्युटरात आता नाही." तो खूश झाला, आणि पंचवीसला वणीला जायला गाडी ठरवतो म्हणाला. मी म्हटलं, मी एसटीनं येईन. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"तू काय सांगनार हाय तिथं?"

"जे विचारतील ते."

"ताई, सही हाय तुही त्या कागदावर. फिरली त् तूच अडकशील. वकील सांगून राह्यला होता."

"अडकेन."

मग आई उठली. "एकच भाऊ हाय वं तुले. तुह्या म्हातारपणी कोण पाहीन?"

आईला मी कधी उलटून बोलत नाही. या खेपेला म्हटलं, "आई, त्या दिवशी बांगड्या तूच झाडून काढल्या होत्या ना?" आई आत गेली. ती काही वाईट बाई नाही. तिनं काचा झाडल्या, मी सर्दी सांगितली, कामं वाटून घेतली होती आम्ही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मी लावलेलं पुस्तकांचं कपाट, आणि त्याखाली बसून आम्ही तुला 'थोडं सांभाळून घे' असं सांगत होतो. आमच्यासारख्या वाचलेल्या माणसांना कोणी शिकवायचं?

बिजलीबाईच्या घरामागे एक खोली आहे. काल कपाट तिकडे नेलं. पुस्तकं चार खेपांत गेली, कपडे एकाच. मी भाडं विचारल्यावर बिजलीबाईनं नुसता हात हलवला आणि म्हणाली, "लोणचं बिघडू नको देऊ, झालं."

आता नीट ऐक. तुझ्या फोल्डरमधलं मी काही सांगणार नाही, ते तुझं आहे. पण जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते माझं आहे, आणि ते मी कोणाला विचारून सांगणार नाही. अडचण एवढीच की साक्षीदाराला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि रवीचा वकील मला ते विचारणार नाही. म्हणून तुझ्या वकिलासाठी प्रश्न लिहून देते. मी आयुष्यभर लोकांना टोचून विचारत आले, हे प्रश्न मला चांगले जमले आहेत.

सहाव्या कलमातली कानाची माहिती तुम्हाला कोणी दिली? (कोणी नाही. टाइप होऊन आली, मी सही केली.)

लग्नानंतर पहिली सात वर्षं जया वाचनालयात तुमच्या कोणत्या हाताला बसत असे? (उजव्या.) ऑक्टोबर २०२३ नंतर? (डाव्या. 'इकडे हवा येते' म्हणाली. त्या खिडकीमागे सोयाबीनचं गोदाम आहे, तिथून आजवर हवा आलेली नाही. ती बाजू बदलून तिचा उजवा कान माझ्याकडे आला.)

नागपूरला जाताना तुमच्या भावाच्या हाताला काय बांधलेलं होतं? (ते मी सांगेन.)

आणि शेवटचा. हा त्यांनी सावकाश विचारावा, आणि जजसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुम्ही तिला चारचौघांत 'बहिरी' म्हणत होतात. कधीपासून?

तारीख मला पाठ आहे. नागपूरहून आल्यावरच्या पहिल्या सोमवारपासून. मी दोनदा हाक मारूनही तू वळली नाहीस, मी म्हटलं, 'आमची बहिरी आली बघा', आणि पेपर वाचणारे सहाच्या सहा हसले. पुढे आठ महिने मी ते रोज म्हटलं. त्याआधी सात वर्षांत एकदाही नाही. कान आधीपासून खराब असता, तर माझ्यासारखी बाई सात वर्षं थांबली असती का? हे कोणत्याही न्यायाधीशाला पटेल. माझं तोंड साऱ्या तालुक्याला माहीत आहे.

उत्तर देताना मी गमतीवर जायला लागले, तर वकिलांना मला तिथल्या तिथे थांबवायला सांग. लोक हसले की मी पुढचं विसरते.

खोट्या कागदावर सही केली त्याचं जे व्हायचं ते होईल. ते माझं मी निस्तरेन. तू त्यात पडू नकोस, आणि मला माफ वगैरे करायची घाई करू नकोस. तुझ्यापाशी वेळ कमी असतो, ड्यूटी असते.

मंगळवारी दुपारी निघून यवतमाळला मुक्काम करते, बुधवारी पहाटेची वणीची गाडी धरते. वेळापत्रक तुझ्याच फोल्डरातलं पाहून ठेवलं होतं, पेनड्राइव्ह डबीत घालायच्या आधी. तेवढी चोरी माझ्या नावावर राहू दे.

कोर्टात लवकर ये. उजवा कान साक्षीदाराच्या बाजूला येईल अशी खुर्ची धर. मी हे सगळं एकदाच बोलणार आहे, आणि तुला पहिल्याच वेळी ऐकू आलं पाहिजे.

जयभीम.

तुझी
दीपाताई